पोत्यावरचे टक्के आणि डुकराची गरज

विक्रीला येऊ घातलेल्या डुकरांसाठी खाद्य घेताना बहुतेक वराहपालक पोत्यावरचा एकच आकडा वाचतात: प्रथिने किती टक्के. आकडा मोठा तेवढे मांस जास्त, हा समज पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात अंगाला लागतात ती प्रथिने पचून सुटी होणारी अमिनो आम्ले. मका-सोयाच्या आहारात त्यातले लायसिन सर्वांत आधी कमी पडते आणि मांसाची वाढ तिथेच अडते. उरलेली अमिनो आम्ले शरीराला साठवता येत नाहीत. यकृतात त्यांचा युरिया होतो, तो लघवीवाटे जातो आणि शेडमध्ये डोळे चुरचुरायला लावणारा अमोनिया सुटतो. पेंडीवर घातलेला पैसाच असा उडून जातो.

‘पेंड ती पेंड’ हा समज मला सर्वांत महागात पडणारा वाटतो. सोयापेंड आणि चांगली शेंगदाणा पेंड, दोन्हींत प्रथिने साधारण 45 टक्के. पण एक किलो सोयापेंडीत लायसिन 28 ग्रॅमच्या आसपास, तर शेंगदाणा पेंडीत जेमतेम 15 ग्रॅम. भाव बघून अदलाबदल केली की टक्के तेच राहतात, वाढ मात्र मंदावते. सरकी पेंडीत तर शिवाय गॉसिपॉल या विषारी द्रव्याचा त्रास.

जनावर मोठे झाले म्हणजे खाद्यही जास्त कसदार हवे, हेही खरे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या 2012 च्या शिफारशींनुसार खाद्यात पचनीय लायसिन 50 ते 75 किलो वजनाला 0.85 टक्के, 75 ते 100 किलोला 0.73 आणि त्यापुढे 0.61 टक्के पुरते. 80 किलोचे डुक्कर रोज अडीच किलो खाते, म्हणजे त्याला सुमारे 18 ग्रॅम लायसिन मिळते. 60 किलोच्या डुकरालाही जवळपास तेवढेच ग्रॅम लागतात. ते खाते कमी, म्हणून टक्का जास्त. हे आकडे सुधारित जातींचे आहेत. गावठी डुकराला तेच खाद्य घालणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

पोत्यात मिळणारी लायसिनची भुकटी हार्मोन आहे, ही भीती तर काढूनच टाका. 1956 मध्ये जपानी शास्त्रज्ञांना सापडलेल्या एका जिवाणूच्या वाणांकडून ती साखर आंबवून बनवतात. भुकटीतले लायसिन आणि सोयापेंडीतले लायसिन रासायनिकदृष्ट्या एकच.

म्हणून सोयापेंड पार बंद करायची का? मुळीच नाही. 3 किलो भुकटी आणि 97 किलो मका मिळून साधारण 100 किलो सोयापेंडीची जागा घेतात, हे खरे. पण ही अदलाबदल वाढवत नेली की थ्रिओनिन, मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लेही कमी पडू लागतात. ट्रिप्टोफॅन लागते लायसिनच्या जेमतेम सहाव्या हिश्शाइतके, 80 किलोच्या डुकराला दिवसाला 3 ग्रॅम. पण तेवढ्याची तूट पडली तरी डुकराची भूक मरते, खाद्य पुढ्यात पडून राहते आणि दोष मात्र मक्याच्या माथी मारला जातो.