शाईच्या जागी चटणी : एड रुशे यांचे छापील शब्द

छापलेला शब्द समोर आला की मन थेट अर्थाकडे धावते, आणि अक्षरांची वळणे, त्यांचा रंग, कागदावरची त्यांची जागा या साऱ्याकडे दुर्लक्ष होते. हे दुर्लक्ष होऊ नये यासाठीच अमेरिकी चित्रकार एड रुशे (जन्म १९३७) सहा दशकांहून अधिक काळ शब्दांची चित्रे करीत आले आहेत. ओक्लाहोमा सिटीत वाढलेले रुशे १९५६ मध्ये लॉस एंजेलिसला कलाशिक्षणासाठी आले आणि तेथे एका छापखान्यात खिळे जुळवण्याचे कामही शिकले. धातूचे एकेक अक्षर हाताने उचलून ओळीत बसवणाऱ्याला शब्द ही वजन असलेली वस्तू वाटावी, हे स्वाभाविकच आहे.

१९७० मध्ये लंडनमध्ये त्यांनी सहा मुद्राचित्रांचा एक संच तयार केला. ‘न्यूज’, ‘म्यूज’, ‘प्यूज’, ‘ब्रूज’, ‘स्ट्यूज’ आणि ‘ड्यूज’ हे सहा शब्द अनुक्रमे बातम्या, तबेल्यांचे बोळ, चर्चमधील बाके, मद्ये, रस्सेदार पदार्थ आणि देणी अशा अर्थांचे असून ते एकमेकांशी यमकाने बांधलेले आहेत, आणि जुन्या वृत्तपत्रांच्या नावांत दिसणाऱ्या टोकदार गॉथिक वळणात ते छापले आहेत. यासाठी रुशे यांनी वापरलेले स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे ताणलेल्या जाळीची नको ती छिद्रे बुजवून उरलेल्या छिद्रांतून रबरी पट्टीने रंग खाली दाबण्याचे तंत्र, लग्नपत्रिकांमुळे आपल्याकडेही परिचित आहे. संचाच्या १२५ प्रती निघाल्या. अशा मर्यादित आवृत्तीत प्रतींची संख्या आधीच ठरवतात आणि प्रत्येक प्रतीवर तिचा क्रमांक व चित्रकाराची सही असते. त्यामुळे यातील प्रत्येक प्रत मूळ कलाकृतीच मानली जाते.

मात्र या संचात जाळीतून उतरली ती नेहमीची शाई नव्हे. ‘प्यूज’साठी चॉकलेटचे सिरप आणि चिकोरीमिश्रित कॉफीचा अर्क, ‘ब्रूज’साठी गाडीच्या आसाचे वंगण आणि माशाची अंडी, तर ‘स्ट्यूज’मध्ये शिजवलेल्या घेवड्यापासून आंब्याच्या चटणीपर्यंत आणि ट्यूलिपच्या फुलांपर्यंत कितीतरी पदार्थ एकत्र आले आहेत. कागदावर रंगाचा थर चढवण्यापेक्षा कागदाला डाग पाडण्याची रुशे यांना ओढ होती. १९६९ चा त्यांचा ‘स्टेन्स’ हा संच तर निव्वळ डागांचाच आहे. ‘स्ट्यूज’मधली निवड विशेष अर्थपूर्ण वाटते, कारण रस्सेदार पदार्थाचे नाव तेथे खाद्यपदार्थांनीच लिहिले गेले आहे, आणि वाचणे, पाहणे व चव आठवणे या तीन क्रिया एकाच क्षणी घडतात.

१९७० मध्येच व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाच्या अमेरिकी दालनात रुशे यांनी एका खोलीच्या भिंती चॉकलेटने छापलेल्या ३६० कागदांनी झाकल्या. तेथे एकही अक्षर नव्हते. उन्हाळ्याच्या उकाड्यात चॉकलेटला मुंग्या लागल्या, आणि व्हिएतनाम युद्धाचा निषेध करणाऱ्या प्रेक्षकांनी त्या तपकिरी थरावर बोटांनी युद्धविरोधी घोषणा कोरल्या.