उसाचे बिल खात्यात, राखण कोणाची?



उसाचे बिल आता थेट बँक खात्यात जमा होते. उमरखेडच्या बाजारात खत-औषध घेताना आपण कार्ड लावतो, नाहीतर फोनवरून पैसे देतो. सोय झाली, पण राखणही वाढली.

खोडकिडीची अळी बुडाशी बारीक छिद्र पाडून आत शिरते. वरून ऊस हिरवागार. पोंगा वाळला की मग कळते. संगणकात वा फोनमध्ये शिरणाऱ्या घातक प्रोग्रामची, म्हणजे मालवेअरची, रीत हीच. २०१६ साली एटीएमचे व्यवहार सांभाळणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेसच्या यंत्रणेत तो शिरला आणि देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांना धोका झाला. ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. चोरांनी यंत्रणेत आपले बनावट 'स्विच' घुसविले. नकली कार्डाने पैसे मागितले की तेच मंजुरी देई. अशा चोरीत खरे कार्ड मालकाच्या खिशातच असते. चोराला पाकीट लागत नाही, माहिती पुरते.

१ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑनलाइन दुकानदारांना आपल्या कार्डाचा नंबर साठविता येत नाही. त्याजागी टोकन असते. ते चोरले तरी दुसऱ्या दुकानात चालत नाही. हा बंदोबस्त झाला, पण फोनचा बांध आपणच सांभाळायचा. त्यासाठी :

१) व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान', वीजबिल, लग्नपत्रिका अशा नावाने आलेली, शेवटी 'एपीके' अक्षरे असलेली फाइल उघडू नये. ती फोनमध्ये बसली की ओटीपीचे मेसेज परस्पर चोराकडे जाऊ शकतात.

२) पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

३) दुकानात कार्ड नजरेआड देऊ नये, पिन हात आडवा धरून दाबावा.

४) न केलेल्या व्यवहाराचा मेसेज दिसताच बँकेला व १९३० या नंबरवर कळवावे. उद्यावर टाकू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक आपली वा बँकेची नसून तिऱ्हाइताकडे घडली आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर तोटा आपल्यावर येत नाही. मात्र पिन आपणच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले.

आमच्या शेतकी खात्यातील कोणीही फोनवर ओटीपी विचारणार नाही. विचारला तर तो आमचा माणूस नव्हे, हे पक्के समजावे. शंका आल्यास फोन घेऊन गट कार्यालयात यावे. वर्षभर राबून पिकविलेल्या उसाचा पैसा एका बोटाच्या चुकीने जाऊ नये, एवढीच आमची कळकळ.