पणजीचं माहेर

आमच्या ओटीवर वंशवृक्षाचा एक जुना कागद चौकटीत लावलेला आहे. आजोबांनी स्वतः काढलेला. खोडापासून शेंड्यापर्यंत सात पिढ्या आणि त्यात एकही बाई नाही! गेल्या पितृपक्षात लेकीने तो पाहिला आणि विचारलं, "बाबा, तुमच्या पणजीचं माहेर कुठलं?" मला सांगता येईना. सासरचं नाव सरस्वती, एवढंच ठाऊक. तेही लग्नात ताटातल्या तांदळावर लिहून ठेवलेलं. आधीचं नाव मांडवातच पुसलं गेलं.

ज्यांच्या कुळाचा कुलवृत्तान्त छापलेला आहे ते भाग्यवान. त्यात बहुधा सुनांचं माहेर नोंदलेलं असतं. आमचा नाही. म्हणून नाशिक गाठलं. तिथल्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आहेत. यात्रेला आलेला माणूस आपलं, भावांचं, वाडवडिलांचं नाव त्यात घालून जाई.

"आडनाव राहू द्या, मूळ गाव सांगा," गुरुजी म्हणाले. खरंच आहे. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही वतनाची आडनावं गावोगाव सापडतात, आणि गाव सोडलेला कुलकर्णी पुढे त्या गावाचा 'कर' होतो. मी गाव सांगितलं. जाडजूड वही उघडली. सगळी मोडी! माझ्या डोळ्यांना नुसत्या मुंग्या. गुरुजी सरसर वाचत गेले. शके १८३१, म्हणजे ७८ मिळवून इसवी सन १९०९. पणजोबा, त्यांचे दोघे भाऊ, वडील, आजोबा, सगळे हजर. आणि पणजी? "सहकुटुंब." गोदावरीत पणजोबांशेजारी उभी राहिलेली बाई त्या एका शब्दात मावली होती.

मोडी वाचणाऱ्यांना मधल्या काळात कोणी विचारत नव्हतं. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, कोतवालांची जन्ममृत्यूची जुनी बुकं बाहेर निघाली आणि मोडी वाचकांची एकदम आठवण झाली. तिथे एका अक्षरावर मुलांचे दाखले अडलेले. आमच्या शोधावर तसं काही अडलं नव्हतं. पण रिकाम्या हाताने परतताना चुटपुट लागली ती लागलीच.

खरं तर मी शोध उलट्या टोकाने सुरू केला होता. सांगलीला माझी नव्वदीची आत्या आहे. वह्या शंभर वर्षं थांबल्या होत्या, आणखी थांबल्या असत्या. तिला आताशा सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. पण जुनं लख्ख आठवतं. प्रश्न ऐकून ती म्हणाली, "माळ्यावरचं घंगाळ काढ. आजीच्या आंदणातलं आहे. काठावर नाव घातलंय बघ."

चिंच लावून घासल्यावर ठोक्याठोक्याची अक्षरं उमटली. पणजीच्या वडिलांचं नाव, मुक्काम वाई, शके १८२७. तिचं नाव तिथेही नव्हतं.

"वाईची माणसं आली की तिला ठकू म्हणून हाक मारायची," आत्या म्हणाली. "मग ती चूल सोडून धावत ओटीवर यायची. आम्हाला नवल वाटायचं, आजीला कोणी ठकू म्हणतं!"

घरी आल्यावर लेकीने चौकट उघडली आणि पणजोबांच्या नावाशेजारी पेन्सिलीने लिहिलं : ठकू, वाई. काच अजून परत बसवलेली नाही. तिला आता आईच्या आजीचं नाव हवं आहे.