बटण काढतं कोण?

'फाइल पुसायची का?' असं विचारणारी छोटी चौकट विंडोजवर उघडली, तर 'ओके' आधी येतं आणि 'कॅन्सल' नंतर. मॅकवर नेमकं उलट, 'ओके' अगदी उजव्या टोकाला. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपची रीतही मॅकसारखीच. रोज एकाच यंत्रावर बसणाऱ्याच्या हाताला या जागा इतक्या सवयीच्या असतात की तो बटणावरचं वाचतसुद्धा नाही. बटणं उलटी लागली, तर फाइल गेलीच म्हणून समजा.

गंमत अशी, की डब्ल्यूएक्सविजेट्स नावाच्या मुक्त लायब्ररीवर लिहिलेला प्रोग्रॅम तिन्ही ठिकाणी तिथल्या रीतीने वागू शकतो, आणि त्यासाठी प्रोग्रॅमरला वेगळं काही लिहावं लागत नाही. एक होकाराचं बटण हवं, एक नकाराचं, एवढंच तो सांगतो. कुठलं कुठे बसवायचं ते लायब्ररी बघून घेते. मॅकवर 'अबाउट'ची ओळ 'हेल्प' मेनूतून आपोआप उठून प्रोग्रॅमच्या नावाच्या मेनूत जाऊन बसते. विंडोजवरचं कंट्रोल-एस तिथे कमांड-एस होतं.

याची सुरुवात झाली ती पैसे नव्हते म्हणून. १९९२ साली एडिंबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट 'हार्डी' नावाचं आकृत्या काढायचं साधन लिहीत होता. ते सन कंपनीच्या वर्कस्टेशनवरही चालायला हवं होतं आणि साध्या पीसीवरही. अशा कामाच्या तयार लायब्रऱ्या त्या काळी मोजक्याच होत्या आणि विभागाकडे त्या घ्यायला पैसे नव्हते. मग त्याने स्वतःच एक लिहिली. विद्यापीठाने परवानगी दिली आणि सप्टेंबरमध्ये ती विभागाच्या सर्व्हरवर कुणीही उतरवून घ्यावी अशी ठेवली गेली. तेव्हा तिचं नाव डब्ल्यूएक्सविंडोज होतं. पुढे मायक्रोसॉफ्टने नावाला हरकत घेतली आणि २००४ मध्ये ते बदललं. फाइलझिला, सर्किटचे आराखडे काढणारं कायकॅड, आवाजाचं संपादन करणारं ऑडॅसिटी, ही सगळी तिच्याच जिवावर वाढली.

तिची खरी करामत बघायची तर एका बटणाच्या मागे जावं. प्रोग्रॅमर म्हणतो, बटण दे. विंडोजवर लायब्ररी थेट विंडोजकडे जाते आणि 'बटन' या वर्गाची एक खिडकी मागते. (होय, विंडोजच्या लेखी प्रत्येक बटण ही एक खिडकीच असते.) लिनक्सवर हीच मागणी जीटीके या यंत्रणेकडे जाते, मॅकवर कोकोआ या यंत्रणेकडे. म्हणजे बटण लायब्ररी काढतच नाही! रंग, सावली, दाबल्यावरचं दबणं, सगळं त्या यंत्राचं स्वतःचं. बटण दाबल्याची वर्दीही तीन तऱ्हांनी येते: विंडोज मूळ खिडकीला निरोप धाडतं, जीटीके इशारा सोडतं, कोकोआ आधी नेमून दिलेल्या वस्तूचं ठरलेलं काम सुरू करतं. लायब्ररी या तिघांना एकाच साच्यात ओतते आणि वरच्या प्रोग्रॅमला फक्त कळतं, बटण दाबलं.

दुसरा मार्गही आहे. नॉर्वेत जन्मलेल्या क्यूटीने तो धरला: आपलं बटण आपणच रंगवायचं आणि ते त्या त्या यंत्राच्या बटणासारखं दिसेल अशी काळजी घ्यायची. त्यात सगळीकडे एकसारखी हुकमत राहते. उसनं बटण घेतलं की त्याच्या खोडीही घ्याव्या लागतात. लिनक्सवर सुरळीत दिसणारी यादी विंडोजवर लुकलुकते, आणि जे तिन्हीकडे नाही ते स्वतः घडवावं लागतं. तरी माझं मत उसन्या बटणाच्याच बाजूने पडतं. हल्ली साध्या गप्पांचं ॲपही पोटात अख्खा ब्राउझर घेऊन येतं, ते बघून तर जास्तच.

उसन्या बटणाच्या या मार्गाची कसोटी ॲपलने घेतली. मॅकवर खिडक्या उघडण्याची जुनी यंत्रणा होती कार्बन. ती ६४ बिटांवर येणार नाही, असं २००७ मध्ये जाहीर झालं. लायब्ररीच्या मंडळींनी खालचा थर कोकोआवर नव्याने रचला आणि २०१३ च्या ३.० आवृत्तीत तो दिला. वरचे प्रोग्रॅम मात्र बहुतांशी होते तसेच राहिले. लिहिणाऱ्याने बटण मागितलं होतं; ते कार्बनकडून आणायचं की कोकोआकडून, हे त्याने कधी म्हटलंच नव्हतं.

मराठी माणसाला यातली सगळ्यात गोड गोष्ट अक्षरांत सापडते. 'कि' लिहिताना संगणकाच्या स्मृतीत आधी 'क' जातो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी डावीकडे उभी राहायला हवी. 'अर्क'मधला 'र' आधी टाइप होतो आणि रफार होऊन 'क'च्या डोक्यावर चढतो. हे नियम विंडोजवर युनिस्क्राइब आणि डायरेक्टराइट, लिनक्सवर पँगो आणि हार्फबझ, मॅकवर कोअर टेक्स्ट सांभाळतात. एडिंबऱ्यात सुरू झालेल्या लायब्ररीला देवनागरीचं व्याकरण शिकावंच लागलं नाही. मजकुराची पेटी यंत्राची, म्हणून तिची अक्षरजुळणीही यंत्राची.

ज्यात सॉफ्टवेअरचे शब्द आपापल्या भाषेत उतरवले जातात ते पोएडिटही याच लायब्ररीवर उभं आहे. 'कॅन्सल'चं 'रद्द करा' झालं की शब्दाची लांबी बदलते. त्यासाठी इथे 'साइझर' असतात: ते प्रत्येक बटणाला विचारतात, तुला किती जागा लागेल? बटण आपल्या टंकातला आपला मजकूर मोजून उत्तर देतं आणि मग शेजारचे सरकून बसतात. रुंदी पिक्सेलमध्ये एकदाच ठोकून बसवलेल्या जुन्या प्रोग्रॅमांत मात्र 'रद्द करा'तला 'रा' अर्धा कापला जातो.