काळ्या मातीतली रिमोट गाडी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) इथे तान्हा पोळा भरतो. पोरं चाकं लावलेले लाकडी बैल मिरवत आणतात. चाक निखळलं तर सुतार नवं बसवून देतो, बैल काही कोणी फेकत नाही. रिमोटच्या गाड्यांचा छंदही असाच आहे. जत्रेतली रिमोट गाडी बिघडली की बहुतेक वेळा कचऱ्यात जाते. छंदाची गाडी मात्र स्क्रू काढून, पार्ट बदलून पुन्हा मैदानात उतरते.

या गाडीत रिसीव्हर, मोटर, बॅटरी, चाकं वळवणारा सर्वो आणि वेग सांभाळणारं ईएससी हे सगळे भाग वेगवेगळे असतात. ट्रिगर जितका दाबावा तितकाच वेग मिळतो. जपानच्या तामिया कंपनीने 1976 मध्ये पोर्शे 934 ची 1/12 आकाराची रिमोट गाडी काढली, तर 1984 मध्ये नवशिक्यांसाठी ग्रासहॉपर ही बग्गी आणली. सुटे भाग स्वतः जोडायचे, ही गोडी अशाच संचांनी लावली.

वर्ध्यात पहिली गाडी घेताना आधी जमीन बघावी. पावसाळ्यात काळी माती चाकांना लिंपून बसते, उन्हाळ्यात तिलाच भेगा पडतात. त्यामुळे जमिनीला टेकेल अशी बुटकी रेस कार इथे कामाची नाही. मोठ्या चाकांची, 1/10 आकाराची बग्गी किंवा ट्रक आणि साधी ब्रश मोटर बरी. पळवायला मुरमाचं मैदान उत्तम. रहदारीचा रस्ता नकोच.

बॅटरीच्या बाबतीत मात्र हयगय चालत नाही. सुरुवातीला 7.2 व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी पुरते. लायपो म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी जास्त ताकद देते, पण जपावीही तितकीच लागते. तिचा प्रत्येक सेल 4.2 व्होल्टच्या वर चार्ज करू नये आणि 3 व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. 5000 एमएएचच्या बॅटरीला 5 अँपिअरचा चार्ज ठीक. चार्जिंग लागलं असताना घराबाहेर जाऊ नये, फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांपुढे जातो; अशा दिवसांत बंद मोटारीत बॅटरी ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. मोटरलाही दोन बॅटऱ्यांच्या मध्ये गार होऊ द्यावं.

दुरुस्तीचा पहिला धडा दातेरी चाकांचा. मोटरवरचं छोटं गिअर आणि त्याला भिडणारं मोठं गिअर यांच्यात वहीच्या कागदाची पट्टी धरायची, दोन्ही एकमेकांवर दाबायची, मोटरचे स्क्रू आवळायचे आणि पट्टी फिरवून बाहेर काढायची. कागदाएवढी फट राहिली की काम झालं. गिअर फार घट्ट बसले तर मोटर तापते, सैल राहिले तर दाते झिजतात. गाडी पळवून आणल्यावर ब्रशने माती झाडून बेअरिंगं तपासली, तर पार्ट बरेच दिवस टिकतात.

मुंबई आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये ‘फुल थ्रॉटल’ नावाने इंजिनवाल्या रिमोट गाड्यांच्या शर्यती झाल्या आहेत. त्या गाड्या भन्नाट पळतात, पण खास इंधन आणि इंजिनाची जुळवणी नवशिक्याला जड जाते. आधी मैदानात दोन विटा ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढावा. गाडी आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, आणि पहिली टक्कर बहुतेक तिथेच होते. हा आकडा विटेला न लागता जमू लागला की मग लायपो आणि दमदार मोटरचा खर्च करावा.