वगळलेले शंभर एकर

परक्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढायला गेलेल्या माणसांचं मला जुनं वेड आहे. लाफायेतवर सगळेच लिहितात, ग्रीकांसाठी गेलेल्या बायरनवर त्याहून जास्त. माझी गाडी मात्र दर वेळी तादेउश कोश्चुश्कोपाशी येऊन थांबते. या पोलिश लष्करी इंजिनिअरला मानसन्मानांची ददात कधीच नव्हती. ऑस्ट्रेलियातलं सर्वांत उंच शिखर त्याच्या नावाचं, न्यूयॉर्कमधला पूल त्याच्या नावाचा, क्राकुफमध्ये त्याच्या स्मरणार्थ माती रचून उभारलेली टेकडी, आणि १९१० पासून व्हाइट हाउससमोरच्या चौकात पुतळा. मिसिसिपी राज्यात त्याच्या नावाचं गावही आहे. ओप्रा विन्फ्री तिथं जन्मली. गुलामांच्या घामावर पिकणाऱ्या कापसाच्या मुलखानं गावाला नाव द्यावं तर ते याच माणसाचं, हे मला अजून पचलेलं नाही. कारण त्यानं अमेरिकेवर एक काम लेखी सोपवलं होतं, आणि ते झालं नाही.

लढाया थोडक्यात उरकतो. ऑगस्ट १७७६ मध्ये तो अमेरिकेत पोहोचला. टिकाँडेरोगाच्या किल्ल्यावर असताना त्यानं शेजारच्या डोंगरावर तोफा चढवायला सांगितलं. वरिष्ठांनी मनावर घेतलं नाही. इंग्रजांनी नेमक्या त्याच डोंगरावर तोफा चढवल्या आणि किल्ला हातचा गेला. साराटोगाला मात्र मोर्चेबंदीची जागा त्यानं निवडली आणि ऑक्टोबर १७७७ मध्ये इंग्रज सेनापती बर्गॉइननं शस्त्रं खाली ठेवली. मग वेस्ट पॉइंटची तटबंदी. तिथं त्याच्या दिमतीला अग्रिपा हल नावाचा मॅसॅच्युसेट्सचा काळा सैनिक आला, जन्मानं स्वतंत्र. चारेक वर्षं तो कोश्चुश्कोबरोबर होता, दक्षिणेच्या मोहिमेतही. मळ्यांवरची गुलामगिरी दोघांनी एकत्रच पाहिली असणार.

१७८४ मध्ये कोश्चुश्को मायदेशी परतला. दहा वर्षांनी शेतकऱ्यांच्या हाती गवत कापायची पाती देऊन तो रशियाविरुद्ध उठला, जखमी होऊन पकडला गेला, सुटला आणि १७९७ मध्ये पुन्हा फिलाडेल्फियात आला. काँग्रेसनं थकलेला पगार व्याजासह हातावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच बरा पैसा आला होता. मे १७९८ मध्ये तो खोट्या नावाच्या पासपोर्टवर गुपचूप युरोपला निघाला. पासपोर्टची सोय केली होती तेव्हाचा उपराष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यानं. निघण्यापूर्वी कोश्चुश्कोनं मृत्युपत्र केलं आणि त्याची अंमलबजावणी जेफरसनवरच सोपवली.

या मृत्युपत्राचे दोन मसुदे आहेत आणि माझा जीव पहिल्यात अडकला आहे. तो कोश्चुश्कोच्या मोडक्या इंग्रजीत आहे, शुद्धलेखनाचा पत्ता नाही. माझ्या पैशातून गुलाम विकत घ्या, त्यांना मुक्त करा, उरलेल्या रकमेतून शिकवा, असं त्यात आहे. प्रत्येकाला स्वतंत्र देशातल्या नागरिकाची कर्तव्यं कळावीत, दुसऱ्याचं दुःख समजावं, त्याचं लग्न झालेलं असावं. आणि प्रत्येकाला शंभर एकर जमीन, अवजारं, गुरं मिळावीत. जेफरसननं हा मजकूर नीट भाषेत बसवला. सहीच्या प्रतीत मुक्ती आहे, शिक्षण आहे, नागरिकाची कर्तव्यं आहेत. शंभर एकर नाहीत. गुरंही नाहीत. जेफरसन स्वतः गुलामांचा मालक, आणि विकत घेण्याच्या गुलामांत ‘त्याचे स्वतःचे’ गुलामही आहेत असं मृत्युपत्रात स्पष्ट लिहिलं आहे.

पुढची मजा हिशेबाच्या वहीत आहे. हा पैसा अमेरिकेतच गुंतवलेला राहिला आणि १८०९ मध्ये जेफरसननं त्यातून साडेचार हजारांच्या आसपास डॉलर स्वतःसाठी उसने घेतले. १८१५ मध्ये त्यानं आपला ग्रंथसंग्रह काँग्रेसला २३,९५० डॉलरला विकला. त्यातले ४,८७० डॉलर हे देणं फेडण्यात गेले. म्हणजे कर्ज फिटलं, हे नोंदवायला हवं.

कोश्चुश्को १५ ऑक्टोबर १८१७ ला स्वित्झर्लंडमधल्या सोलोथुर्नला वारला. महिनाभर आधी जेफरसनला लिहिलेल्या पत्रात त्यानं अमेरिकेतल्या पैशाच्या ठरलेल्या कामाची आठवण करून दिली होती. मे १८१९ मध्ये जेफरसननं मृत्युपत्र व्हर्जिनियातल्या कोर्टात दाखल केलं आणि त्याच वेळी अंमलबजावणीतून अंग काढून घेतलं. वय झालं, काम वर्षानुवर्षं चालणारं, हे कारण. मित्र जॉन कॉक यालाही विचारून झालं. तोही नाही म्हणाला.

इतिहासकारांचं भांडण इथं पेटतं. गॅरी नॅश आणि ग्रॅहॅम हॉजेस यांनी २००८ मध्ये जेफरसनवर विश्वासघाताचा ठपका ठेवला, हेन्री विन्सेकनं २०१२ मध्ये तो आणखी धारदार केला. अ‍ॅनेट गॉर्डन-रीड यांनी त्याला आक्षेप घेतला: कोश्चुश्कोनंच नंतर आणखी मृत्युपत्रं करून घोळ घातला होता. ते खरंच आहे. १८१६ च्या सोलोथुर्नमधल्या मृत्युपत्रात आधीची सगळी रद्द, अशी ओळ आहे, आणि १८५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच ओळीवर बोट ठेवून पैसा युरोपातल्या वारसांचा ठरवला. मधल्या काळात व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या जॉर्ज बॉमफर्डच्या हाताखाली त्या पैशाची नासाडी झाली होती ती वेगळीच.

कायद्याच्या बाजूनं गॉर्डन-रीड यांचं म्हणणं मला पटतं, तरी जेफरसन त्यानं सुटत नाही. ज्या कागदाला त्यानं स्वतः कोर्टात नेलं, तो कुचकामी आहे असं त्याला वाटत असतं तर नेलाच कशाला असता? पैसे दुसऱ्याचे, इच्छा दुसऱ्याची, आपले गुलाम सोडायला खिशातून एक डॉलरही जाणार नव्हता. तरीही नाही. जानेवारी १८२७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, त्याच्या माँटिसेलो या मळ्यावरच्या १३० गुलामांच्या लिलावाची जाहिरात निघाली. लोहार जो फॉसेटला जेफरसनच्या मृत्युपत्रानं मुक्ती दिली होती, पण त्याची बायको एडिथ आणि मुलं त्या लिलावात गेली.

अग्रिपा हल १८४८ पर्यंत जगला. वॉशिंग्टनच्या सहीचा सेवामुक्तीचा कागद गमावण्यापेक्षा निवृत्तिवेतन सोडलेलं बरं, असं त्याचं म्हणणं होतं. कोश्चुश्कोच्या पैशातून मात्र एकही गुलाम मुक्त झाला नाही.

मृत्युपत्राचे दोन्ही मसुदे जेफरसनच्या छापील पत्रव्यवहारात आहेत. इंग्रजी वाचता येत असेल तर मोडक्या भाषेतला आधी वाचा.