जुनाट अजीर्ण आणि मेंदू

जेवतांच पोट जड होणें, चार घासांत तृप्ति होणें, बरगड्यांखालीं जळजळणें, ह्या तक्रारी शहरांत घरोघरीं परिचित आहेत. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबईंतील एका पाहणींत सुमारें ३० टक्के प्रौढांत अजीर्णाचीं लक्षणें आढळलीं. सकाळीं डबा घेऊन वाशी-नेरूळहून लोकल गांठणाऱ्या व रात्रीं उशिरां जेवणाऱ्या नवी मुंबईंतील गृहस्थास याचें नवल वाटणार नाहीं.

खरा पेच पुढेंच उत्पन्न होतो. ह्यांपैकीं पुष्कळांच्या जठरांत दुर्बीण घालून पाहिलें, तरी व्रण सांपडत नाहीं. मग घरचीं माणसें म्हणतात, "सारे मनाचे खेळ!" रोग्यास दुखणें तर सोसावें लागतेंच, वर अविश्वासही.

मन व जठर यांचें नातें जुनेंच ठाऊक आहे. १८२२ सालीं अमेरिकेंत अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुणाच्या जठरास बंदुकीच्या बारानें भोक पडलें व तें कधीं बुजलेंच नाहीं. त्यांतून डॉक्टर विल्यम बोमाँट यांनीं वर्षानुवर्षें निरीक्षण केलें आणि १८३३ सालीं ग्रंथ लिहिला. राग वा भीति यांनीं जठराच्या अस्तराचा रंगसुद्धां पालटतो, असें त्यांस दिसलें.

आतां ह्या नात्याची दुसरी बाजूही उजेडांत आली आहे. जठर व मेंदू यांस जोडणाऱ्या वेगस नांवाच्या मज्जातंतूंतील बहुतेक धागे पोटाकडूनच वर संदेश नेतात. मेंदूचीं चित्रें घेतां असें आढळलें कीं, शरीराच्या आंतील संवेदना जाणणारा इन्सुला हा भाग व वेदना तोलणारे पुढील भाग अशा रोग्यांत निराळ्या रीतीनें काम करतात. रेडिओची आवाजाची कळ चढवून ठेवली म्हणजे कुजबुजही ओरडण्यासारखी ऐकूं येते; तद्वत् निरोग्यास न जाणवणारा जठराचा ताणही त्यांस दुखतो. कांहींत चिंता आधीं येते व अजीर्ण मागून. कांहींत क्रम उलटा असतो. २०१६ पासून तज्ज्ञमंडळी अशा विकारांस आतडें व मेंदू यांच्या परस्परव्यवहाराचे विकार म्हणतात.

म्हणून उपायही दुहेरी असतात: थोडें थोडें व कमी तेलकट जेवण, आम्ल कमी करणारीं औषधें, जठरांतील जंतूची तपासणी आणि, जरूर तर, मज्जातंतूंची अतिसंवेदना शमविणारें औषध किंवा मानसोपचार. असें औषध मिळालें म्हणून रोगी वेडा ठरत नाहीं. मात्र वजन घटणें, गिळतांना अडणें, रक्ताची उलटी वा काळा शौच होणें, हीं लक्षणें दिसतांच विलंब न लावतां डॉक्टरांकडे जावें.

दुर्बिणींत कांहीं दिसलें नाहीं, म्हणजे वेदना खोटी ठरली असें नव्हे. घरच्यांनीं एवढें मानलें, तरी रोग्याचा अर्धा भार हलका होतो.